पत्तीला दात आला की भिंतीवर रेघ येते: स्क्रॅपर साफ करणं, धार लावणं आणि पावसाळ्यात सांभाळणं

मागच्या दिवाळीआधी हॉलची एक भिंत घरीच करायची ठरवलं. कोथरूडचा फ्लॅट, भिंत साधारण दहा बाय बारा, पुट्टीची गोणी आणली, प्रायमर आणला, आणि पुट्टी मारायची पत्ती काय होतीच की घरात, बाल्कनीतल्या डब्यात चार-पाच वर्षं पडलेली, म्हटलं ही चालतीये. पहिला हात मारला तर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ. परत मारला, परत रेघ. मला वाटलं पुट्टी घट्ट झाली, पाणी घातलं, मग पातळ झाली, मग भिंतीला ओघळ. तासभर हा तमाशा चालला. शेजारी रंगकाम चालू होतं तिथले रंगारी काका चहा प्यायला बाहेर आले होते, त्यांनी दारातून दोन मिनिटं बघितलं, आत आले, माझ्या हातातून पत्ती घेतली, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, पुट्टीला काय झालेलं नाय, तुमच्या पत्तीला दात आलाय."

दात म्हणजे कडेला पडलेला बारीक खड्डा. मग त्यांनी त्यांची पत्ती दाखवली. घासून घासून मूळ लांबीच्या निम्मी उरलेली, कड आरशासारखी. नवी पत्ती शंभराच्या आत-बाहेर मिळते तरी हे काका तीच वापरतात, कारण नवी पत्ती हातात बसायला वेळ लागतो आणि तिचे कोपरे भिंतीत घुसतात. त्या दिवसापासून मी ह्या विषयात जरा जास्तच शिरलो. घरात ह्यावरून चेष्टा होते, ती सोडा.

आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

सगळ्यालाच आपण स्क्रॅपर किंवा पत्ती म्हणतो पण प्रत्येकाची निगा वेगळी, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला की वाट लागते.

पुट्टी भरायची पत्ती पातळ असते, वाकवली की वाकते आणि सोडली की परत सरळ. तिला धार नको असते, तिला *सरळ* कड हवी असते. पोपडे खरवडायची पत्ती जाड, वाकत नाही, हिला एका बाजूने उतार दिलेली धार असते. तिसरा प्रकार ओढायचा स्क्रॅपर, इंग्रजी टी अक्षरासारखा, आपल्याकडे ओढून लाकडावरचा जुना ऑइलपेंट काढायचा. चौथा रेझर ब्लेडवाला, काचेवरचे रंगाचे थेंब आणि स्टिकर काढायचा. आणि पाचवी सुतारांची नुसती पोलादाची चौकोनी चकती, मूठ वगैरे काही नाही, दोन्ही हातांनी धरून लाकूड गुळगुळीत करायची. हिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय कारण ती पुष्कळ लोक धार गेली म्हणून फेकून देतात आणि ती फेकायची वस्तूच नाहीये.

पातं कशाचं आहे तेही बघून ठेवा. साधं कार्बन स्टील असेल तर धार पटकन लागते पण गंजही पटकन धरतो. स्टेनलेस गंजायला वेळ लावतं पण कानशीखाली चिवट वाटतं. आणि ओढायच्या काही स्क्रॅपरला कार्बाइडचं पातं असतं, ते इतकं कडक असतं की साधी कानस त्याच्यावरून नुसती घसरते, उलट कानसच बोथट होते. त्याला डायमंड प्लेटच (हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी) लागते. आणि ते फरशीवर पडलं की कडेचा टवका उडतो, त्यामुळे ते जपून. बऱ्याच कार्बाइड पात्यांना दोन किंवा चार कडा असतात, एक गेली की स्क्रू सैल करून पातं फिरवायचं, हे माहीत नसल्याने एक कड वापरून टाकून देणारे मी पाहिलेत.

काम चालू असतानाच पुसा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे एवढं केलंत तर खालचं निम्मं वाचायची गरज नाही. रंगारी लोक काम करताना दोन पत्त्या का वापरतात ते नीट बघा. एकीने भिंतीवर मारतात आणि दुसरीवर पहिली पुसतात, दर हाताला. आपण काय करतो, एकाच पत्तीने सगळं, आणि कडेला जे सुकत जातं त्याचे खडे होतात, ते खडे परत पुट्टीत पडतात आणि भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणजे रेघ येण्याची दोन कारणं, एक पत्तीला दात आणि दुसरं पुट्टीत खडा. खडा असेल तर रेघ मधेच सुरू होते, जागा बदलते. दात असेल तर रेघ दर वेळी पत्तीच्या त्याच जागी, पूर्ण हातभर. हे ओळखता आलं की उगाच पुट्टीत पाणी घालत बसत नाही माणूस (माझ्यासारखा).

बादलीत पाणी आणि एक ओलं फडकं शेजारी ठेवा. चहाला उठलात तरी पत्ती पुसून उठा. पण बादलीत उभी करून ठेवू नका. मुठीसकट पाण्यात ठेवली की पाणी मूठ आणि पात्याच्या फटीत जातं, लाकूड फुगतं, आतून रिबीट गंजतं आणि महिन्याभराने मूठ खडखडायला लागते. पातं बुडेल एवढंच पाणी, तेही दहा-पंधरा मिनिटं, बास.

सुकून बसलेलं काढायचं, पण कशाने ते काय सुकलंय त्यावर

व्हाइट सिमेंटची पुट्टी पाण्यात मिसळली की सिमेंटची रासायनिक क्रिया सुरू होते, ती नुसती वाळत नाही तर *जमते*, त्यामुळे एकदा जमल्यावर कितीही पाण्यात भिजवा, परत विरघळत नाही. लोक रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी पुट्टी तशीच आणि वर गंज. ओली असताना पाण्याने दहा सेकंदांचं काम, जमल्यावर असं करायचं: पत्ती लवचिक असेल तर हलकेच दोन्हीकडे वाकवा, जाड थर आपोआप तडकून पडतो. उरलेलं दुसऱ्या पत्तीने, जवळजवळ आडवी धरून, खरवडा. जे पांढरं पातळ राहतं त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू किंवा कापड पंधरा-वीस मिनिटं गुंडाळून ठेवा, मग तारेच्या घासणीने घासा. व्हिनेगर सिमेंट खातं तसं पोलादालाही लागतं म्हणून तासन् तास ठेवायचं नाही, आणि झाल्यावर चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडी. टाइल्सचं ग्राउट आणि सिमेंटचे शिंतोडे, ह्यांनाही हाच उपाय.

बाथरूमचं ऍसिड वापरू नका हे सांगायला नको, पण सांगतो कारण आमच्या सोसायटीत एकाने वापरलं. पत्ती साफ झाली, अगदी चकचकीत, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण तांबडी. शिवाय त्याच बाथरूममध्ये ब्लीच असेल आणि दोन्ही एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो, तो प्रकार जिवावरचा आहे.

पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. पत्तीवर आणि घमेल्यात आधीचं जमलेलं पीओपी राहिलं असेल तर नवीन कालवलेलं पीओपी नेहमीपेक्षा लवकर जमतं. जुने बारीक कण नव्याला जमायला निमित्त देतात, दुधाला विरजण लावावं तसं. आपण म्हणतो गोणीच खराब निघाली, दुकानदाराशी भांडतो. तर पीओपीला पत्ती, घमेलं, ब्रश सगळं दर घाण्यानंतर धुवायचं, कंटाळा करायचा नाही.

डब्यातली तयार ऍक्रेलिक पुट्टी, डिस्टेंपर, पाण्यातले इमल्शन: ओलं असताना पाणी, सुकल्यावर गरम पाण्यात थोडं साबण घालून दहा मिनिटं, मग पापुद्रा सोलून निघतो. फेव्हिकॉलही कोमट पाण्याने मऊ पडतं.

ऑइलपेंट आणि जुन्या पद्धतीची तेलाची लांबी (म्हणजे तेलात कालवलेली पुट्टी), ह्याला टर्पेंटाइन. ताजा रंग असेल तर फडक्यावर घेऊन पुसला की झालं. वाळलेला असेल तर थिनर किंवा पेंट रिमूव्हर, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून, गॅसच्या शेगडीपासून लांब. देवघरात दिवा चालू असतो हे आपल्याला लक्षात राहत नाही, ते बघा आधी. आणि अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

सिलिकॉन ओलं असताना पुसायला गेलात की सगळीकडे पसरतं, हाताला, कपड्याला, मोबाइलला. त्यापेक्षा सुकू द्या आणि ब्लेडने सोला, रबरासारखं निघतं. एम-सील जमायच्या आधी थिनरच्या फडक्याने, जमल्यावर हेअर ड्रायरने किंवा हीट गनने गरम करून खरवडायचं. स्टिकरचा डिंक खोबरेल तेलाने किंवा रॉकेलने, दहा मिनिटं ठेवून.

धुतलेलं पांढरं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात ते जाऊन जमतं, आणि मग प्लंबर. बादली रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी ओता, गाळ सुकवून कचऱ्यात.

जुना रंग खरवडला असेल तर जरा थांबा

पेठांमधले वाडे, जुन्या चाळी, ७०-८० च्या दशकातल्या सोसायट्या, इथल्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतात आणि खालच्या थरांत शिसं असण्याची बरीच शक्यता असते. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याच्या आधीच्या रंगाबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि गरोदर बाईला घातक.

त्यामुळे असा रंग कोरडा खरवडू नका, पाण्याचा स्प्रे मारून ओला करून खरवडा. पोपडे खाली प्लास्टिकवर पडू द्या आणि त्यातच गुंडाळून टाका. मास्क चांगला, एन९५ वगैरे, नुसता रुमाल नाही. आणि पत्तीच्या बाबतीत: ती ओल्या कागदाने पुसून तो कागद त्याच प्लास्टिकमध्ये, मग पत्ती बाहेर वेगळ्या डब्यात साबणाच्या पाण्याने धुवायची. किचनच्या सिंकमध्ये नाही, भांड्यांच्या घासणीने तर अजिबात नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा. पॉलिश पेपरने कोरडं घासणं हे खरवडण्यापेक्षा वाईट, कारण धूळ बारीक होते.

गंज

पुण्यात मे महिन्यात पत्ती उघड्यावर ठेवली तरी काही होत नाही, हवा इतकी कोरडी असते. आणि मग जून उजाडतो आणि बाल्कनीतल्या त्याच डब्यात पंधरा दिवसांत तांबडा थर. माझी पत्ती अशीच गेली होती, गंज खोल गेला की कडेला बारीक खड्डे पडतात आणि तेच ते दात.

वरवरचा गंज असेल तर मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून तारेच्या घासणीने किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, संपलं. पेपर एका दिशेने, पात्याच्या लांबीच्या बाजूने, गोल गोल नाही. जास्त असेल तर लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं, एक लिटर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम घालून त्यात पातं बुडवा (मूठ बाहेर). अर्ध्या अर्ध्या तासाने काढून बघा, घासा, परत बुडवा. घरात लिंबूसत्व नसेल तर चिंचेचा कोळ चोळून ठेवला तरी चालतं, तांब्या-पितळेची भांडी घासतो तेच तत्त्व, आंबट पदार्थ गंज सोडवतो, फक्त वेळ जास्त.

बाहेर काढल्यावर पुढची पाच मिनिटं महत्त्वाची. आम्लातून निघालेलं उघडं पोलाद डोळ्यादेखत परत तांबूस व्हायला लागतं. सोड्याचं पाणी, साधं पाणी, फडकं, हेअर ड्रायर आणि तेल हे सगळं आधीच काढून ठेवायचं आणि मगच पत्ती बाहेर काढायची. मी पहिल्यांदा फोन घ्यायला गेलो, आलो तर परत पहिल्यापासून.

कानस मारायची

आता मुख्य काम. लागणारं सामान: बारीक दाताची चपटी कानस, आठ किंवा दहा इंची, तिला मूठ बसवलेली (मुठीशिवाय कानस वापरू नका, तिचं शेपूट तळहातात घुसतं), ४०० नंबरचा पॉलिश पेपर, काचेचा तुकडा, मार्कर आणि फळ्यावरचा खडू. हे सगळं रविवार पेठेत, बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. जुन्या चांगल्या कानशी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात हाताने चाचपून घेता येतात, पण दात झिजलेले नाहीत ना ते नख लावून बघा, बऱ्याचदा झिजलेल्याच असतात म्हणून तर तिथे आलेल्या असतात.

आधी तपासणी. पत्तीची कड काचेवर उभी टेकवा आणि मागून ट्यूबलाइटचा उजेड बघा. जिथून उजेड येतो तिथे कड खाली गेलेली. दात बघायला कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, दाताला कापूस अडकतो. काकांसारखं नख फिरवायचं ते फक्त पुट्टीच्या बोथट पत्तीवर, धारवाल्यावर नाही.

पत्ती वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे आवळा, कड जेमतेम अर्धा इंच वर राहील अशी. जास्त वर ठेवली की ती थरथरते आणि कानस किंचाळते, शेजारी येतात. वाइस नसेल तर टेबलाच्या कडेला दोन सी क्लॅम्प लावून पकडा. कानशीच्या दातांवर खडू घासून घ्या, त्याने लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही. कडेवर मार्करने काळं करा.

कानस कडेच्या लांबीच्या दिशेने, पात्याच्या सपाट अंगाशी अगदी काटकोनात धरून, पुढे ढकलताना दाबायची आणि मागे येताना उचलायची. कानस पुढे जातानाच कापते, मागे घासत आणली की तिचेच दात जातात. चार-पाच हात मारले की मार्करचं काळं जिथे उरलंय ती खोलगट जागा. काळं सगळीकडून जाईपर्यंत मारत राहा, मधेच समाधान मानू नका, दात खोल असेल तर पन्नास-साठ हातही लागतात. हात दोन्ही टोकांना जड पडतो आणि कड मधे फुगीर होते ही सगळ्यांची सवय, म्हणून मधे मधे काचेवर टेकवून बघा.

पुट्टीच्या पत्तीचं इथेच जवळपास संपलं. फक्त कानशीने दोन्ही अंगांना जी कसर, म्हणजे कडेबाहेर आलेली पोलादाची बारीक खरखरीत किनार, उभी राहते ती काढायची. ४०० चा पेपर काचेवर ठेवा, पाण्याने ओला करा, पत्ती त्यावर सपाट ठेवून दहा वेळा फिरवा, उलटी करून दहा वेळा. मग दोन्ही कोपऱ्यांना कानशीचे दोन-दोन हलके हात देऊन अगदी किंचित गोल करा. नव्या पत्तीचे कोपरे भिंतीत घुसून रेघा मारतात त्याचं कारण हेच टोकदार कोपरे, त्यामुळे हे नव्या पत्तीलाही आणल्या दिवशीच करा. जुन्या रंगाऱ्यांच्या पत्तीला जो हात बसलेला असतो त्यातला निम्मा भाग हा कोपऱ्यांचा असतो.

खरवडायच्या जाड पत्तीला कड सरळ करून झाल्यावर एका बाजूने उतार द्यायचा, आधीचा उतार असतो तोच कोन धरा, साधारण ४५ अंश. ओढायच्या स्क्रॅपरलाही असंच पण एक फरक, त्याला कानशीने उभी राहिलेली कसर काढायची *नाही*. तीच कसर रंग उचलते. चांगला स्क्रॅपर रंगाची गुंडाळी काढतो, भुकटी पडायला लागली की समजायचं धार गेली, तिथल्या तिथे चार हात कानस, परत चालू. दार खरवडताना कानस खिशातच असलेली बरी.

सायकलवरच्या धारवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर घ्या, पण त्याला सांगा हलक्या हाताने आणि मधे मधे पाण्यात बुडवून. चाकावर पातं तापून कड निळी पडली की त्या जागेचं पाणी उतरलं, ती जागा मऊ झाली, मग धार टिकत नाही. घरच्या ग्राइंडरने हे दोन सेकंदात होतं. निळी पडलीच तर तेवढा निळा भाग कानशीने पूर्ण काढून टाकायचा, दुसरा इलाज नाही.

सुतारी चकती

आजोबांच्या वाड्यातली सागवानी दारं घासताना मला ही सापडली, त्यांच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पॉलिश पेपरने सागाचे रेषे मिटतात आणि धूळ भरते, ही चकती पातळ पातळ झिलप्या काढते आणि लाकूड चमकत राहतं. तिची धार म्हणजे कडेवर वळवलेला एक केसाएवढा आकडा. तो आकडा झिजला की चकती नुसती घसरते आणि लोक म्हणतात बोथट झाली.

तिला परत तयार करायला आधी कड काटकोनात कानशीने सरळ करा. मग तेलाच्या किंवा पाण्याच्या धार-दगडावर कड उभी धरून आणि नंतर दोन्ही अंगं सपाट ठेवून घासा, कानशीचे ओरखडे जाईपर्यंत, आरसा झाला पाहिजे. मग एक गुळगुळीत कडक पोलादी सळई घ्यायची, चांगल्या स्क्रू-ड्रायव्हरची गोल दांडी चालते, चकतीपेक्षा कडक हवी एवढंच. तेलाचं बोट फिरवून चकती टेबलावर आडवी ठेवा आणि सळई तिच्या अंगावर जवळपास सपाट दाबून कडेलगत पाच-सहा वेळा ओढा. ह्याने पोलाद कडेच्या बाहेर येतं. मग चकती उभी धरा आणि सळई कडेवरून ओढा, आधी सरळ, मग पाच-दहा अंश कलती. आकडा वळला की बोटाला अंगावरून कडेकडे नेताना अडकल्यासारखं लागतं (अंगावरून कडेकडेच न्यायचं, कडेच्या लांबीने बोट फिरवलंत तर रक्त). जास्त कलती केली तर आकडा फार वाकतो आणि लाकडाला लागतच नाही. दोन-तीनदा चुकेल. एकदा जमलं की आकडा झिजल्यावर दर वेळी कानशीपासून सुरुवात करावी लागत नाही, सळईनेच चार-पाच वेळा उठवता येतो.

रेझर ब्लेडवाल्याला धार लावायच्या भानगडीत पडू नका, ब्लेड बदला. गंजलेलं ब्लेड काचेवर अजिबात नको, गंजाचे कण काचेवर ओरखडे काढतात. काच नेहमी साबणाच्या पाण्याने ओली, एकाच दिशेने. आणि खिडकी टफन्ड काचेची असेल तर ब्लेड लावायच्या आधी कोपऱ्यात करून बघा, त्या काचेच्या पृष्ठभागावर कधी कधी बारीक कण चिकटलेले असतात, ते ब्लेडखाली सुटून पूर्ण काचभर रेघा ओढतात. जुनी ब्लेडं रिकाम्या पत्र्याच्या डबीत टाकून डबी भरली की टेप लावून सुक्या कचऱ्यात, वर 'ब्लेड' लिहून. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंची बोटं कापतात.

मूठ, तेल आणि ठेवायची जागा

लाकडी मुठीला वर्षातून एकदा अळशीचं तेल, पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून. रिबीट हलत असेल तर मागे लोखंडी ठोकळा ठेवून पुढून हातोडीने दोन हलके टोले.

पात्याला शिलाई मशीनचं तेल सगळ्यात बरं. स्वयंपाकाचं शेंगदाणा, सूर्यफूल, करडई लावू नका, महिन्याभरात चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. खोबरेल चालवून घेतात लोक, पण ते डिसेंबरात थिजतं आणि जुनं झालं की वास मारतं. दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं, माखायचं नाही.

कडेला झाकण हवं, नाहीतर डब्यात हातोडी-पान्यांवर आपटून परत दात. इलेक्ट्रिशियन वायरी झाकायला वापरतात ती केसिंग पट्टी किंवा बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून कडेवर बसवला की झालं. पुठ्ठा नको, तो दमट हवेत ओल धरतो आणि तीच ओल पात्याला देतो. पावसाळ्यात डबा बाल्कनीतून घरात घ्या, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका, आणि गणपतीच्या आधी एकदा उघडून पुसून परत तेल. दिवाळीचं रंगकाम त्यानंतरच असतं, त्यामुळे तारीख लक्षात राहते.

आणि काम सुरू करताना ते तेल काढायला विसरू नका. तेलकट पत्तीने पुट्टी मारली की भिंतीवर तेलाचे डाग बसतात, त्या जागी रंग धरत नाही, गोल गोल डोळे पडतात. थिनरच्या फडक्याने पुसा, मग साबण-पाणी, मग कोरडी करून पांढऱ्या कागदावर घासून बघा. कागदावर डाग नाही उठला की पुट्टी कालवायला घ्या.